पिकअप साडेतीन लाखांची, हिशेब किती लाखांचा?

‘अर्जंट विकणे आहे. पिकअप, २०१६ मॉडेल, सिंगल ओनर, कंडिशन ओके, टायर नवीन, पेपर क्लिअर. एक रुपयाचं काम नाही. किंमत साडेतीन लाख, बसून बोलू. टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये.’

अशी जाहिरात गाडी खरेदी-विक्रीच्या एखाद्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुम्ही पाहिली असेलच. कदाचित तिचा स्क्रीनशॉट काढून मित्राला पाठवलाही असेल, ‘भावा, घ्यायची का?’ म्हणून. शेवटचं वर्ष संपत आलंय, नोकरीचं काही खरं दिसत नाही, आणि गावात ज्याच्याकडे पिकअप आहे त्याचा फोन सतत वाजतोय. टोमॅटो नारायणगावला न्यायचेत, कांदा लासलगावला, आंबा वाशीला, मंडपाचं सामान तालुक्याला, गणपतीत मूर्ती, लग्नसराईत भांडी. मग वाटतं, आपणही एक घ्यावी. नवी परवडत नाही, तर जुनी घेऊ. वडील तयार असतात, आई गळ्यातलं गहाण ठेवायला तयार असते, आणि इथेच थोडं थांबायला हवं.

कल्पना चुकीची आहे असं मी म्हणत नाही. जुन्या पिकअपवर घर उभं केलेली माणसं तुमच्या-माझ्या ओळखीत आहेत. पण जाहिरातीत लिहिलेली किंमत हा या गाडीचा फक्त पहिला खर्च असतो. बाकीचे खर्च दिसत नाहीत, कारण ते आधीच्या मालकाने गाडीच्या पोटात साठवून ठेवलेले असतात.

त्याआधी एक सरळ प्रश्न. तुमचं वय काय? अठराव्या वर्षी कारचं लायसन्स मिळतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण पिकअप ही मालवाहू, म्हणजे ‘ट्रान्स्पोर्ट’ गाडी आहे आणि मोटार वाहन कायद्यानुसार अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायला वय वीस पूर्ण लागतं. लायसन्सचा घोळ मात्र आता मिटलाय. ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी साध्या ‘एलएमव्ही’ लायसन्सवर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. वयाची अट मात्र तशीच आहे. एकोणीस वर्षांच्या पोराने भाडं मारलं आणि रस्त्यात कोणाला धडक बसली, तर भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करायला विमा कंपनी मोकळी होऊ शकते. आणि आरसीवर नाव बहुतेक वेळा वडिलांचं असतं.

तिने आयुष्यभर काय वाहिलं?

कार घेताना आपण विचारतो, किती किलोमीटर झाली? पिकअपला हा प्रश्न अपुरा पडतो. मीटर मागे फिरवता येतो ही गोष्ट तर सोडाच, पण मीटर खरा असला तरी दीड टन पेलणाऱ्या गाडीत रोज अडीच टन भरून साठ हजार किलोमीटर काढलेली गाडी आणि दुधाचे कॅन वाहून दीड लाख किलोमीटर झालेली गाडी, यातली दुसरी मी डोळे झाकून निवडेन. विचारायचं ते हे, की गाडी कोणत्या धंद्यात होती?

वाळू, खडी, विटा, लोखंडी सळया वाहणाऱ्या गाडीवर जवळजवळ रोज जादा लोड पडलेला असतो. कांदा-बटाट्याच्या सीझनमध्येही तेच, पण वर्षाचे काही महिनेच. बेकरी, किराणा, कुरिअरची गाडी किलोमीटर जास्त खाते, पण अंगाने धडधाकट असते. कोकणातली, म्हणजे एमएच-०७ किंवा एमएच-०८ पासिंगची आणि मासळी वाहिलेली गाडी असेल तर सगळ्यात आधी खाली वाकून हौद्याचा तळ बघायचा. बर्फाचं पाणी आणि मीठ वर्षानुवर्षं पत्र्याच्या सांध्यांतून झिरपत राहतं. वरून रंग चकचकीत असतो आणि खाली चाव्या खुपसल्या की पत्रा पापडासारखा तुटतो.

मालक खरं सांगेलच असं नाही, पण गाडी सांगते. मागच्या चाकांवरचे पाटे मोजा. कंपनीतून जितके आले त्यापेक्षा एखादा जास्त दिसला, म्हणजे कोणीतरी जादा वजन पेलण्यासाठी तो बसवून घेतलाय. विकणारा हे अभिमानाने सांगतो, ‘पाटा वाढवून घेतलाय, कितीही भरा!’ त्याने आपल्याच तोंडाने गाडीचा इतिहास वाचून दाखवलेला असतो. पाटा वाढवल्याने वजन पेलतं ते फक्त पाट्यांना. चेसिस, ब्रेक, बेअरिंग, क्लच आणि मागचा अॅक्सल सगळे होते तेच राहतात. म्हणून पुढे चेसिस बघायची. केबिनच्या मागची बाजू, आणि पाटे जिथे चेसिसला अडकवलेले असतात ती जागा. तिथे वेल्डिंगचा जुना डाग, ठोकलेली जादा पट्टी किंवा बाकी चेसिस धुळकट असताना तेवढ्याच भागाला ताजा काळा रंग, यातलं काहीही दिसलं तर चहा प्या आणि निघा. बाकी सगळं दुरुस्त होतं. तडकलेली चेसिस मात्र वेल्डिंगने जोडली तरी शेजारी पुन्हा तडकते.

‘टायर नवीन’ हेही नीट वाचा. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. काळाभोर पॉलिश मारलेला ‘नवीन’ टायर पाच-सहा वर्षांचा किंवा रिमोल्ड केलेला निघू शकतो. पुढचे टायर एकाच बाजूने खाल्लेले असतील तर अलाइनमेंट गेलंय, किंवा त्याहून वाईट म्हणजे बॉल जॉइंट, टाय रॉड, बुश यांतलं काहीतरी सैल झालंय.

इंजिन गार असतानाच जा

गाडी बघायला जाताना फोन करून वेळ ठरवाल, तर पोहोचेपर्यंत मालकाने इंजिन तापवून ठेवलेलं असेल. थंडीतली पहिली स्टार्टच तर खरी परीक्षा असते. त्यामुळे शक्यतो सकाळी लवकर जा आणि आधी बॉनेटला हात लावून बघा. गरम असेल तर म्हणा, गावात एक काम आहे, दोन तासांनी येतो.

गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उठायला हवं. सुरू होताना थोडा धूर आला तर घाबरू नका, डिझेल आहे ते. पण धुराचा रंग बघा. इंजिन तापल्यावरही निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. रेडिएटरमधलं पाणी कमी होतंय आणि तापलेल्या गाडीतून दाट पांढरा धूर निघतोय, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. रेस देताना दरवेळी काळा लोट आला तर हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. कधी साधा एअर फिल्टर असतो, कधी ईजीआर काजळीने जाम झालेला असतो, कधी टर्बोचा पाइप फुटलेला असतो, कधी नोझल गेलेले असतात. पाचशे रुपयांपासून पाच आकडी बिलापर्यंत काहीही होऊ शकतं.

मग चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण सैल करा. थोडी वाफ येते, ते ठीक. भकाभका धूर येऊ लागला, झाकण उडू लागलं, तर मिस्त्री ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात ते हेच. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजलेत आणि जळालेला वायू खाली ऑइलच्या खोलीत घुसतोय. असं इंजिन आणखी काही महिने चालेलही, पण पुढे ते उतरवून बांधावंच लागेल. हे काम पन्नास हजारांच्या खाली क्वचितच आटोपतं आणि गाडी आठ-दहा दिवस गॅरेजात पडून राहते. (रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन पूर्ण गार असतानाच उघडायचं. तोंड भाजून घेतलेले उत्साही ग्राहक प्रत्येक गॅरेजवाल्याने पाहिलेले असतात.) त्यात पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, किंवा ऑइलच्या झाकणाला आतून दुधाच्या सायीसारखा थर दिसला, तर पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळतंय. तिथेच थांबा.

आता ट्रायल. इथे जवळजवळ प्रत्येक जण फसतो, कारण तो रिकामी पिकअप चालवून बघतो. रिकामी पिकअप उड्या मारणारच, तिचे पाटे वजनासाठी बनवलेत. आणि रिकामी असताना तिचा क्लच, गिअर, ब्रेक सगळं छानच वाटतं. पोहायला येतं का, हे बादलीत उभं करून कळत नाही. मालकाला सांगा, वीस पोती सिमेंट किंवा धान्य टाका, एक टन होईल, आणि जवळचा एखादा चढ दाखवा. पोत्यांची हमाली मी देतो म्हणा. मालक या गोष्टीला सरळ नाही म्हणाला, तर तेही एक उत्तरच आहे.

भरलेल्या गाडीत चढावर इंजिनचा आवाज वाढतोय पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलावे लागतात, कारण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा देण्यात अर्थ नाही. उतारावर पाय काढल्यावर दुसरा किंवा तिसरा गिअर आपोआप निसटत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागणार. गाडी हलताना खालून ‘टक्क’ असा आवाज आला तर बहुधा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजलाय, हा खर्च त्या मानाने छोटा. पण चाळीस-पन्नासच्या वेगात मागून ‘कूंऽऽ’ असा एकसुरी आवाज येतोय आणि अॅक्सिलरेटर सोडला की बदलतोय, तर मागच्या अॅक्सलच्या मधला तो भोपळा, म्हणजे डिफरन्शियल, बोलतोय. आतले क्राऊन-पिनियन खाल्ले गेलेत. हा आवाज रिकाम्या गाडीत अनेकदा ऐकूच येत नाही. म्हणून तर पोती.

हे सगळं तुम्हाला जमेलच असं नाही, आणि जमायची गरजही नाही. हजार रुपये देऊन एक मिस्त्री सोबत न्या. अट एकच, तो मालकाच्या ओळखीचा नको.

वर्ष कोणतं, यावर पुढचा मिस्त्री ठरतो

२०१६ मॉडेल, २०१८ मॉडेल, २०२१ मॉडेल यात नुसता वयाचा फरक नसतो. १ एप्रिल २०१७ पासून देशभर नव्या गाड्यांना बीएस-४ सक्तीचं झालं आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की जुन्या बीएस-३ पिकअपमध्ये बहुतेक वेळा साधा यांत्रिक पंप असतो. तो बिघडला तर तालुक्याच्या नाक्यावरचा पंप-नोझलवालाही बघू शकतो. पुढच्या गाड्यांत कॉमन रेल आला. इंजिनला कॉम्प्युटर, वेगवेगळे सेन्सर आणि प्रचंड दाबाने डिझेल फवारणारे इंजेक्टर. गाडी पळते छान, अॅव्हरेजही देते, पण भेसळीचं किंवा पाणी मिसळलेलं डिझेल तिला अजिबात सहन होत नाही. चारही इंजेक्टर गेले की बिल बघून घरी सांगायची हिंमत होत नाही. बीएस-६ मध्ये याच्या जोडीला धूर स्वच्छ करणारी यंत्रणा आली, म्हणजे आणखी सेन्सर आणि आणखी भाग.

मग जुनी घ्यावी की त्यातल्या त्यात नवी? माझं मत विचाराल तर तुमच्या वीस किलोमीटरच्या आत जी गाडी दुरुस्त होते ती. ज्या गाडीसाठी दरवेळी जिल्ह्याला टो करून न्यावं लागतं ती स्वस्तात मिळाली तरी महाग. आणि कॉमन रेलची घेतलीत तर डिझेल फिल्टर वेळेवर बदला, त्याखालचं साठलेलं पाणी सोडत जा. शंभर-दोनशे रुपये वाचवायला हायवेच्या कडेला कॅनमधून मिळणारं डिझेल घेऊ नका.

आता वही काढा

खालचे आकडे अंदाजाचे आहेत. तुमच्या गावचे दर तुम्ही टाका, पण रीत हीच ठेवा.

समजा गाडी साडेतीन लाखांची. एक लाख घरून आणि अडीच लाखांचं कर्ज, तीन वर्षांसाठी. जुन्या मालवाहू गाडीवर व्याज कारपेक्षा चढं असतं, सोळा टक्के धरू. हप्ता येतो महिन्याला सुमारे ८,७९० रुपये. तीन वर्षांत व्याजच साधारण ६६ हजार. विम्यात थर्ड पार्टी सक्तीचा. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला त्याचा सरकारने २०२२ साली ठरवलेला मूळ दर १६,०४९ रुपये होता, वर जीएसटी. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर धरून २२ हजार समजू. रोड टॅक्स, फिटनेस, पीयूसी, पर्यावरण कर मिळून वर्षाला दहा हजार धरा. म्हणजे गाडी जागची न हलताही वर्षाला खर्च झाले १,३७,४८० रुपये. दिवसाला पावणेचारशेच्या आसपास. तुम्ही झोपलेले असता तेव्हाही, परीक्षा असते तेव्हाही, पितृपक्षात कोणी काही हलवत नाही तेव्हाही.

आता पळण्याचा खर्च. डिझेल नव्वद रुपये, भरलेली जुनी गाडी लिटरला अकरा देते असं धरलं, तर किलोमीटरला ८ रुपये २० पैसे. चार टायर अठ्ठावीस हजारांचे, चाळीस हजार किलोमीटर चालले तर ७० पैसे. ऑइल-फिल्टरची सर्व्हिस ६० पैसे, क्लचचे २५ पैसे आणि ब्रेक, पाटे, बुश, बॅटरी, पंक्चर या फुटकळ गोष्टींचा मिळून एक रुपया. बेरीज १० रुपये ७५ पैसे. टोल वेगळा.

साठ किलोमीटरवरच्या मार्केटला एक खेप, जाऊन-येऊन १२०. खर्च १,२९० रुपये. भाडं मिळालं दोन हजार. ‘सातशे सुटले!’ असं वाटतं ना? बहुतेक जण इथेच वही मिटतात.

महिन्याला बारा दिवस भाडं मिळालं तर वर्षाच्या त्या १,३७,४८० रुपयांतला प्रत्येक खेपेचा वाटा पडतो ९५५ रुपये. म्हणजे खर्च २,२४५ आणि मिळाले २,०००. प्रत्येक खेपेला २४५ रुपयांचा तोटा, आणि तरीही खिशात रोज रोख पैसे दिसत असतात, त्यामुळे धंदा चाललाय असंच वाटतं. तोटा कळतो तो विम्याची तारीख आली की. महिन्याला बावीस दिवस भाडं मिळालं तर वाटा ५२१ वर येतो, खर्च १,८११ आणि खेपेला १८९ सुटतात. बावीस दिवसांचे झाले चार हजार आणि थोडे. यात तुमची मजुरी धरलेली नाही. ड्रायव्हर ठेवला तर विषयच संपला.

म्हणजे भाडं मिळवायचं कसं, यापेक्षा परतीचं भाडं मिळवायचं कसं, हा खरा धंदा आहे. त्या बावीसपैकी अकरा दिवस जरी येताना आठशे रुपयांचं काही भरून आणता आलं, तर महिन्याला ८,८०० वाढतात, कारण डिझेल तर तसंही जळणार होतं. मार्केटला भाजी टाकून येताना पशुखाद्य, खताच्या गोण्या, हार्डवेअर, किराणा, काहीही. गाडी घेण्याआधी ज्याच्याशी बोलायचं तो माणूस गाडीचा दलाल नाही, तर तालुक्याचा घाऊक दुकानदार आहे.

दुसरी गोष्ट हीच वही सांगते. हप्ता काढून टाका, म्हणजे कर्जच नाही असं समजा, तर वर्षाचा ठरलेला खर्च ३२ हजारांवर येतो. बारा दिवसांच्या धंद्यातही मग खेपेचा खर्च १,५१२ होतो आणि ४८८ सुटतात. जुनी गाडी कर्जावर घेणं आणि रोखीने घेणं हे दोन वेगळे धंदे आहेत. जुनी गाडी कधी बंद पडेल ते सांगता येत नाही आणि हप्ता मात्र कधीच बंद पडत नाही. साडेतीन लाख जमवता येत नसतील तर तीन मित्रांनी मिळून दोन लाखांची साधी गाडी रोख घेणं मला जास्त पटतं, मग ती दिसायला कशीही असो.

आणि किंमत कितीही ठरली तरी तिच्या पाचवा हिस्सा इतके पैसे बाजूला ठेवल्याशिवाय टोकन देऊ नका. साडेतीन लाखांच्या गाडीला सत्तर हजार. पहिल्या तीन महिन्यांत सगळी ऑइलं, सगळे फिल्टर, बेल्ट, पाण्याचे पाइप, ब्रेक लायनर, बॅटरी हे एकेक करून समोर येतंच. ही गाडी मध्येच बंद पडली तर नुसता दुरुस्तीचा खर्च नसतो. हौद्यात टोमॅटो असतात. पहाटेचा लिलाव चुकला की त्या शेतकऱ्याचं दिवसाचं गणित कोसळतं, आणि पुढच्या वेळी तो फोन दुसऱ्याला करतो.

या सगळ्यातून वाट काढायला एक मोह होतो, थोडं जास्त भरायचं. दीड टनाच्या जागी सव्वादोन, भाडं तेवढं जास्त. ओव्हरलोडचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपये आहे, आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. शिवाय जादा माल तिथेच उतरवायला लावतात. वरच्या हिशेबात असे वीस हजार भरून काढायला बावीस दिवसांचे जवळजवळ पाच महिने लागतील. काट्यावर सुटलात तरी पाटे, क्लच आणि तो भोपळा सुटत नाहीत.

‘पेपर क्लिअर’

गाडीचा नंबर एमपरिवहन अॅपमध्ये टाका. नोंदणीची तारीख, फिटनेस, विमा, पीयूसी आणि गाडीवर कोणाचं कर्ज आहे का, हे दिसतं. ई-चलन वेगळं तपासा. जुन्या पिकअपवर थकलेल्या चलनांची रक्कम कधीकधी पाच आकडी निघते, ती किमतीतून वळती करायला लावा. बँकेचा बोजा दिसला तर ‘कर्ज कधीच फेडलंय’ या शब्दाला किंमत नाही. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात पाहिजे.

फिटनेस, म्हणजे लोक ज्याला पासिंग म्हणतात, ते आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. पासिंग संपलेली गाडी कायद्याच्या नजरेत नोंदणी नसल्यासारखीच असते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला वाद घालायला जागा मिळते. ‘पासिंगला दोन महिने बाकी आहेत’ असं कोणी सांगितलं, तर समजा की लाइट, ब्रेक, रिफ्लेक्टर, रंग, पत्र्याचं काम हा सगळा खर्च त्याने तुमच्यासाठी ठेवलाय. एकूण वजन ३,००० किलोच्या वर असेल तर परमिटही लागतं, त्यामुळे आरसीवरचा हा आकडा वाचा. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवलीय का तेही पाहून घ्या.

शेवटचा घोळ नावावर करण्याचा. ‘टीटी फॉर्मवर सही करून देतो, नावावर नंतर करा, काय घाई आहे?’ हे वाक्य प्रत्येक व्यवहारात येतं. सही म्हणजे फॉर्म २९ आणि ३० वरची. ते फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवून गाडी वर्षभर पळवणारे खूप आहेत. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच गळ्यात, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय. यात विकणारा तर अडकतोच. तुमचीही बाजू लंगडी राहते. विमा जुन्या नावावर, त्यामुळे स्वतःच्या गाडीचं नुकसान मागायला गेलात तर तुम्ही कोण? जुन्या मालकाचं काही भांडण निघालं, कोणी जप्ती आणली, किंवा तो वारला आणि त्याच्या मुलांनी गाडी मागितली, तर दाखवायला तुमच्याकडे एक न भरलेला फॉर्म आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं. गाडी दुसऱ्या जिल्ह्याच्या पासिंगची असली की ही टाळाटाळ आणखी वाढते, कारण तिथल्या आरटीओच्या खेपा कोण घालणार? खेपा घाला. एका दिवसाचं भाडं बुडेल.

व्यवहार ठरवतानाच सांगून टाका, की पंचवीस-तीस हजार हातात राखून ठेवणार आणि ते परिवहनच्या साइटवर आरसीला तुमचं नाव दिसलं, त्या दिवशी देणार. साध्या कागदावर का होईना, पण हे लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि मिस्त्रीला साक्षीदार करा. तो तसाही तिथेच असेल, पोती उतरवून घेत.